ट्रॅक्टरची लिफ्ट अशक्त का होते? जुन्या यंत्राच्या हायड्रोलिकचा एक अभ्यास

आपल्या शाळेत शिकून गेलेल्या अनेक विद्यार्थ्यांची घरे आजही शेतीवर चालतात. पैठण-गंगापूरकडची खोल काळी जमीन असो की कन्नड-सिल्लोडच्या डोंगरउतारावरची मुरमाड, बैलजोडी सांभाळणे आता परवडत नाही आणि नवा ट्रॅक्टर आवाक्यात येत नाही. मग दहा-पंधरा वर्षे राबलेला ट्रॅक्टर घेतला जातो. त्यासाठी कधी अंगावरचा दागिना मोडला जातो, तर कधी कर्ज काढले जाते. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांना ९० टक्के अनुदानावर ९ ते १८ अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर देण्याची राज्य शासनाची योजना आहे. त्यातून आलेली यंत्रेही आता जुनी होत चालली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेताचा आकार केवळ एकरांत न मोजता त्यावर लागणाऱ्या भांडवलाशी व श्रमाशी ताडून पाहावा, असा विचार त्यांनी त्यात मांडला. लहान शेतकऱ्याचे हे भांडवल मृगाच्या तोंडावर शेडमध्ये अडकून पडले, तर अख्खा हंगाम हातचा जातो.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी असेच घडले. उन्हाळी नांगरटीसाठी त्यांनी पस्तीस अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर घेतला. पंधरा दिवसांत त्याची लिफ्ट नांगर उचलीनाशी झाली. मिस्त्रीने पाहताक्षणी सांगितले, ‘पंप गेला.’ उसनवारी करून नवा पंप बसविला, पण गुण आला नाही. तो ट्रॅक्टर शाळेच्या कार्यशाळेत आला तेव्हा आम्ही एकच प्रश्न विचारला: लिफ्ट सकाळी अधिक जड चालते की दुपारी? उत्तर मिळाले, ‘सकाळी उचलतच नाही, पंप ओरडतो, दुपारी थोडी बरी चालते.’ या एका वाक्यात रोगाचे निदान होते. आम्ही ऑइलची जाळी बाहेर काढली. ती काळ्या गाळाने व लोखंडाच्या भुकटीने लिंपून गेली होती. जाळी धुतली, ऑइल बदलले, एक ओ-रिंग घातली आणि नांगर उचलला गेला. पंपाचे पैसे मात्र वाया गेले आणि नांगरटीचे आठ दिवसही. त्या कुटुंबावर आलेली वेळ इतरांवर येऊ नये, यासाठी हा पाठ.

लिफ्टचे कार्य

खाली दोन दांडे आणि वर टॉप लिंक ही रचना हॅरी फर्ग्युसन या आयरिश अभियंत्याने रूढ केली. १९३९ साली आलेल्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे ती मोठ्या प्रमाणावर शेतात पोहोचली. तिच्यामागचे तत्त्व आपण नववी-दहावीच्या वयात शिकतो तेच आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम. पंप ऑइल ढकलतो, ते कंट्रोल व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये जाते, पिस्टन सरकतो आणि दांडे वर उचलले जातात.

एक हिशोब करून पाहू. पिस्टनचा व्यास ८ सेंटिमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर भरते. दाब प्रति चौरस सेंटिमीटर १५० किलो असता पिस्टनवर ७,५०० किलोचा रेटा येतो. दाब १०० वर उतरला की रेटा ५,००० किलो होतो. दांड्यांच्या टोकाशी मिळणारे बळ याहून पुष्कळ कमी असते, कारण मध्ये तरफ आहे. परंतु घट त्याच प्रमाणात होते. अवजार किती जड उचलता येईल हे दाबावर ठरते, तर ते किती वेगाने उचलले जाईल हे ऑइलच्या प्रवाहावर ठरते. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की निम्मे निदान होते.

तक्रार नीट ओळखावी

‘हायड्रोलिक कमजोर आहे’ ही एक तक्रार नसून त्यात चार निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात.

१. मोकळे दांडेही सावकाश उठतात. येथे प्रवाह कमी आहे. ऑइलची पातळी, जाळी व सक्शन पाइप आधी पाहावेत.

२. मोकळे दांडे चटकन उठतात, पण नांगर वा रोटाव्हेटर उचलत नाही. येथे दाब कमी पडतो. रिलीफ व्हॉल्व्ह, पिस्टनचे सील आणि झिजलेला पंप यांवर संशय घ्यावा.

३. अवजार उचलले जाते, पण वर टिकत नाही. इंजिन बंद करताच खाली बसते. ऑइल सिलिंडरमधून किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमधून मागे गळते आहे. पंप बदलून येथे काहीही साधत नाही.

४. इंजिन चालू असता उचललेले अवजार सतत खाली-वर डोलते. हीदेखील गळतीच होय. अवजार किंचित खाली येते, व्हॉल्व्ह ते पुन्हा वर घेतो आणि हा खेळ चालूच राहतो.

आता तो सकाळ-दुपारचा प्रश्न. थंड ऑइल घट्ट असते. ते तुंबलेल्या जाळीतून ओढले जात नाही, म्हणून जाळीचा दोष सकाळी अधिक जाणवतो. गरम ऑइल पातळ होते. झिजलेल्या पंपाच्या वा सीलच्या फटींतून ते निसटते, म्हणून झिजेचा दोष दुपारी, मराठवाड्याच्या मे महिन्यातील उन्हात, अधिक जाणवतो. त्या कुटुंबाचा ट्रॅक्टर सकाळी आजारी होता. पंप झिजलेला नव्हता.

स्वस्तापासून महागाकडे

तपासणीचा क्रम खर्चाच्या क्रमाने ठेवावा. पहिल्या पायऱ्यांना जवळजवळ काहीच पैसे लागत नाहीत.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, दांडे खाली सोडून, इंजिन बंद करून ऑइलची पातळी पाहावी. दुधाळ रंग म्हणजे ऑइलमध्ये पाणी, फेस म्हणजे हवा आणि जळका वास म्हणजे ते फार तापलेले आहे. अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स व हायड्रोलिक यांचे ऑइल एकच असते. त्यामुळे गिअरची झीज थेट जाळीपर्यंत येते. उचलत्या ट्रॉलीचा जॅकही हेच ऑइल वापरतो. आज एका ट्रॅक्टरला आणि उद्या दुसऱ्याला जोडली जाणारी ट्रॉली एकाचा गाळ दुसऱ्याच्या पोटात नेऊन सोडते.

त्यानंतर लिव्हर पाहावेत. पोझिशन कंट्रोल अवजाराची उंची राखतो, तर ड्राफ्ट कंट्रोल जमिनीच्या ओढीनुसार नांगराची खोली सांभाळतो. ड्राफ्टचा लिव्हर चुकीच्या जागी राहिला किंवा आतील सळई वाकली, तर निर्दोष हायड्रोलिकही आजारी भासते.

तिसरी पायरी जाळीची आणि सक्शनच्या सांध्यांची. या बाजूला फट पडली तर ऑइल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही. संशयित सांध्याभोवती ग्रीस थापून इंजिन चालवावे. पंपाचे ओरडणे कमी झाले, तर फट तेथेच आहे.

चौथी पायरी तुलनेची. ट्रॉलीचा जॅक भरल्या वजनासह नीट उचलला जातो आणि फक्त लिफ्ट कमजोर आहे, तर पंप चांगला असण्याची शक्यता मोठी. दोष लिफ्टच्या सिलिंडरकडे वा व्हॉल्व्हकडे शोधावा. दोन्ही कमजोर असतील, तर ऑइल, जाळी, रिलीफ व्हॉल्व्ह आणि सर्वांत शेवटी पंप.

एवढे झाल्यावरच दाब मोजावा. जॅकच्या जोडणीला मीटर लावून, ऑइल कामाइतके गरम झाल्यावर येणारा आकडा पुस्तिकेतील आकड्याशी ताडावा. मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्र शासनाच्या संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते व तिच्या अहवालात हायड्रोलिकची मापेही असतात. पुस्तिका हरवली असेल तर त्या बनावटीचा अहवाल मिळवावा.

हे करू नये

रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर घालून दाब ‘वाढविण्याची’ पद्धत गावोगाव आहे. झीज तशीच राहते, रक्षक मात्र बांधला जातो. मग पाइप फुटतो किंवा बॉडीला तडा जातो. उचललेल्या अवजाराखाली कोणीही जाऊ नये. काम करण्यापूर्वी ते जमिनीवर टेकवावे. गळती शोधताना पाइपवर बोट फिरवू नये, पुठ्ठा धरावा. दाबाखालील बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे.

खरेदीपूर्वी

विक्रेत्याला सांगावे की ट्रॅक्टर आधी चालू करून ठेवू नका. थंड असताना आणि तासभर काम केल्यावर, अशा दोन्ही वेळी लिफ्ट पाहावी. रिकाम्या दांड्यांवर समाधान मानू नये, जड अवजार जोडावे. ते उचलून इंजिन बंद करावे, उंचीवर खडूची खूण करावी व चहा घेऊन यावे. परतल्यावर अवजार बरेच खाली आलेले दिसले, तर किंमत त्या हिशोबाने बोलावी. नवाकोरा रंग पाहावा, परंतु जुन्या ऑइलचा रंग आधी पाहावा.

आमच्या कार्यशाळेतील मुलांना आम्ही दोष सापडण्याआधी पाना हाती घेऊ देत नाही. आधी विचारायचे, मग पाहायचे, मग मोजायचे आणि शेवटी उघडायचे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ट्रॅक्टर मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. दहावीनंतर त्या वाटेने जाणाऱ्या मुलांना ही शिस्त उपयोगी पडेल. पालकांनीही ती अंगी बाणवावी. ‘पंप गेला’ असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे विचारावे, ‘कशावरून?’ उत्तर पटले नाही, तर पैसे काढण्यापूर्वी एकदा जाळी उघडून पाहावी.