गंजलेली पिकअप : दुरुस्ती की भंगार?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळी भरून घ्यायला उभ्या असलेल्या पिकअप गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांच्या हौद्यातून सारखे पाणी ठिबकत असते. ते असते वितळलेल्या बर्फाचे, पण त्यात समुद्राचे मीठ मिसळलेले असते. हे पाणी खालच्या चॅसीवर पडते आणि सांध्यासांध्यांत मुरते. अशी एक जुनी गाडी दोन पावसाळे माडाखाली उभी आहे असे समजा. काकांचे म्हणणे, इंजिन ठणठणीत आहे, तेव्हा गाडी पुन्हा उभी करू. इतरांचे म्हणणे, भंगारवाल्याला बोलवा. घरातली साठवलेली रक्कम एकदाच खर्च करता येणार आहे. अशा वेळी नववी-दहावीचे विज्ञान काय मदत करू शकेल?

प्रथम गंजाची रीत समजून घेऊ. शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, एक सोपा प्रयोग करता येतो. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स या शास्त्रज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. मिठाच्या पाण्यात पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिन यांचे थोडे थोडे द्रावण मिसळा. कानशीने घासून लख्ख केलेल्या लोखंडी पट्टीवर या मिश्रणाचा एक मोठा थेंब ठेवा आणि पट्टी न हलवता पाहत राहा. आधी निळे-गुलाबी ठिपके इकडेतिकडे उमटतात. मग हळूहळू थेंबाचा मध्य निळा होतो आणि कडा गुलाबी होते. निळा रंग म्हणजे तेथे लोखंड विरघळत आहे. तो भाग धनाग्र. कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. तेथे हायड्रॉक्साइड तयार होते, म्हणून गुलाबी रंग. तो भाग ऋणाग्र. कालांतराने या दोहोंच्या मध्ये तांबूस गंजाचे कडे दिसू लागते.

नीट विचार केलात तर यात एक नवल आहे. गंजायला ऑक्सिजन लागतो, हे आपण पाठ केलेले असते. पण लोखंड झिजते ते मात्र जेथे ऑक्सिजन कमी पोचतो तेथे! मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते आणि हा विजेचा घट जोरात चालतो. आता गाडीकडे वळा. दर्शनी पत्र्यावरचा तांबूस डाग फसवा असतो. खरी झीज चिखल चिकटलेल्या कोपऱ्यात, दोन पत्रे एकमेकांवर बसवलेल्या जोडात, स्प्रिंगच्या ब्रॅकेटमागे चाललेली असते. म्हणून तपासणीची सुरुवात गाडीखाली आडवे होऊन करायची. (त्याआधी चाकांना दगड लावा आणि गाडी भक्कम घोड्यांवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.)

पिकअपची चॅसी म्हणजे एक आडवी शिडीच. दोन लांब बाजू आणि मध्ये आडव्या पट्ट्या. केबिन, हौदा, इंजिन, स्प्रिंगा, सगळे या शिडीवर बसते. ती गेली तर बाकीच्याला अर्थ नाही. तेव्हा तारेच्या ब्रशने माती काढा आणि छोट्या हातोडीने ठोकत पुढून मागे जा. चांगले पोलाद खणखणते, पोखरलेले बद्द वाजते. पापुद्रे सुटले तर ते हातात घ्या. त्यांची जाडी पाहून पुष्कळ माणसे हाय खातात. ते तितकेसे बरोबर नाही. ५६ ग्रॅम लोखंडापासून सुमारे ८९ ग्रॅम सजल गंज बनतो, आणि त्याची घनता लोखंडाच्या जवळजवळ निम्मीच असते. हिशेब केलात तर गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या जवळजवळ तिप्पट येते. शिवाय खरा गंज सच्छिद्र असतो. म्हणजे ३ मिलिमीटर जाडीच्या पापुद्र्यात फार तर १ मिलिमीटर लोखंड गेले.

उरले किती, हे व्हर्निअर कॅलिपरने मोजा. त्याच चॅसीच्या न गंजलेल्या जागी ४ मिलिमीटर जाडी भरली आणि गंज खरवडलेल्या जागी ३, तर ताकद किती राहिली? येथे दोन उत्तरे आहेत. संपूर्ण बाजू तुळईसारखी वाकते, तेव्हा तिची ताकद पत्र्याच्या जाडीच्या साधारण प्रमाणात असते. म्हणजे तीन चतुर्थांश उरली. पण जेथे ब्रॅकेट पत्र्यालाच ढकलतो, तेथे पत्रा एखाद्या फळीसारखा वाकतो, आणि फळीची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. तीन चतुर्थांशाचा वर्ग नऊ षोडशांश, म्हणजे निम्म्याहून थोडी अधिक. जाडी निम्मी झाली तर तेथे केवळ पाव ताकद शिल्लक राहते. माझे मत असे, की मधल्या भागातली पसरट, उथळ झीज सोसता येते. स्प्रिंग किंवा स्टिअरिंग बॉक्सच्या ब्रॅकेटजवळ भोक पडले असेल, तर तो कसबी फॅब्रिकेटरचाच विषय आहे.

ठिगळ जोडतानाही एक मेख आहे. वेल्डिंग चांगल्या पोलादापर्यंत न्यावे लागते. पातळ झालेल्या पत्र्याला आच लागली की तो जळून भोक वाढते. आणि गंजावरच पट्टी मारली तर ओल आत कोंडते. वेल्डिंगच्या उष्णतेने आतला रंगही जळतो. अशी पट्टी बाहेरून झकास दिसते आणि आतून पुन्हा पोखरते.

केबिनच्या पत्र्यासाठी लोहचुंबक पुरे. कागदात गुंडाळून तो फिरवा. जेथे पकड एकदम ढिली होते तेथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे. ब्रेकच्या पोलादी नळ्या मात्र तपासत बसू नका, सरळ बदला.

इंजिन मुद्दाम शेवटी ठेवले आहे. त्याचे सुटे भाग मिळतात, सिलिंडर बोअर करून घेता येतात.

आता पैशांचा हिशेब. याच वयाची धडधाकट गाडी, समजा, १,६०,००० रुपयांना मिळते, आणि आपली गाडी भंगारात ३६,००० रुपयांना जाईल. तर दुरुस्तीवर १,२४,००० रुपयांहून कमी खर्च होणार असेल, तरच ती परवडली. गेल्या वर्षी नवे टायर घातले होते, हे या हिशेबात आणायचे नाही. ते पैसे दोन्ही वाटांनी गेलेच आहेत. (टायर विकले जाणार असतील तर ती किंमत भंगाराच्या बाजूला मांडा.) गॅरेजवाल्याचा अंदाज चॅसी उघडी करून ब्रश मारल्यानंतरचा असावा, आधीचा नको. शिवाय मालवाहू गाडी आठ वर्षांहून जुनी झाली की तिला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, तोही खर्च धरा.

उत्तर भंगाराकडे झुकले, तरी ते लोखंड वाया जात नाही. जालन्यातल्या भट्ट्यांत भंगार वितळवून त्याच्या सळया होतात. फक्त वजनकाट्यावर गाडी चढवण्यापूर्वी सुटे पापुद्रे झाडले, तर काटा काही किलो खाली येईल. त्याबद्दल भंगारवाल्याशी वाद घालू नका, कारण कोरड्या गंजातही लोखंडाचा वाटा शेकडा ६३ च्या आसपासच असतो.