सकर मासा घरी आणण्याआधी

पालकहो, मुलांच्या हट्टापायी फिश टँक घरी येतो, काही आठवड्यांत काचांवर हिरवा थर धरतो आणि आपण दुकानात जाऊन उपाय विचारतो. उत्तर बहुधा ठरलेलं असतं : एक सकर घेऊन जा, काच साफ ठेवील. बोटाएवढा, तोंडाने काचेला चिकटून बसणारा तो मासा मुलांनाही फार आवडतो. पण तो पिशवीत बांधून घेण्याआधी थोडं बोलूया.

सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला. दुकानात दिसतं ते त्याचं पिल्लू. नीट पोसला तर तो दीड फुटापर्यंत वाढतो आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. आपला टँक असतो जेमतेम दोन फुटांचा! मोठा झाला की शेवाळावरचं त्याचं मन उडतं, विष्ठा मात्र भरपूर करतो. इतर माशांची घाण तो खातो, हा तर निव्वळ गैरसमज. उलट काचेवरचं शेवाळ संपलं की दुसरं काही न मिळाल्याने अनेक सकर उपाशी मरतात. मुलांच्या डोळ्यांदेखत एक जीव खंगत जातो आणि घरात कोणाच्या लक्षातही येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मासा सफाईसाठी आणला, की त्यालाही भूक असते हे मुलं शिकणार कुठून?

शेवाळ वाढतं ते जादा उजेडाने आणि जादा खाण्याने. टँक खिडकीपाशी, दिवा रात्री उशिरापर्यंत चालू, आणि येता-जाता जो तो चिमूटभर दाणे टाकणार. उरलेले दाणे आणि विष्ठा यांतून पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट साठतं. शेवाळाला तेच खत. दिवा दिवसाला 6 ते 8 तासच लावा. दाणे दोन-तीन मिनिटांत संपतील एवढेच. दर आठवड्याला पाव टँक पाणी बदला, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवून. काच घासायचं काम मुलांकडे द्या, त्यांना ते आवडतं.

तरीही शेवाळ खाणारा मासा हवाच असेल, तर ब्रिसलनोज प्लेको पाहा. तो 12 ते 15 सेंटिमीटरवर थांबतो. ओटोसिंक्लस त्याहून लहान, पण तो थव्याने राहतो आणि नव्या टँकमध्ये तग धरत नाही. टँकला काही महिने होऊ द्या, मगच आणा. ब्रिसलनोजसाठी एखादा लाकडाचा तुकडा ठेवा. दोघांनाही रात्री दिवा मालवल्यावर काकडीचा काप किंवा तळाशी बसणारी गोळी द्या. 'चायनीज अल्गी ईटर' मात्र नको. वाढल्यावर तो भांडखोर होतो, इतर माशांच्या अंगाला चिकटून त्यांना खरवडतो.

आणि घरातला सकर आधीच मोठा झाला असेल तर? 'बिचाऱ्याला मोकळं करू' म्हणून पुष्कळजण तो तळ्यात, नदीत सोडतात. मुलांना ते दयेचं काम वाटतं. पण हा मासा काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो, कमी प्राणवायूच्या पाण्यातही जगतो, आपल्याकडच्या माशांचं अन्न फस्त करतो. उजनीच्या जलाशयातही तो मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नसतं. म्हणून कळकळीने सांगते, तो दुकानात परत द्या, मोठा टँक असलेल्या कोणाला द्या, पण नदी, तलाव, विहीर यांत कधीही सोडू नका.