हार्टचं औषध, म्हणून हुंगायचं?

‘पॉपर्स’ (नशेसाठी हुंगायची नायट्राइट द्रावणं) हुंगून तब्येत बिघडलेल्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : “डॉक्टर, हे मुळात हार्टचंच औषध आहे, मी नेटवर वाचलंय.” वाचलेलं खोटं नसतं, हीच पंचाईत. फ्रान्सच्या बालारने १८४४ मध्ये अमिल नायट्राइट बनवलं. १८६७ मध्ये एडिंबरोच्या लॉडर ब्रंटनने छातीत कळा येणाऱ्या रुग्णांना ते हुंगायला दिलं आणि कळा थांबल्या. पण पुढे जिभेखाली ठेवायची गोळी आली नि हुंगण्याचं औषध मागे पडलं. आज ऑनलाइन मिळणाऱ्या बाटलीत बहुतेकदा अमिल नसतंच. त्याची आयसोब्युटिल, आयसोप्रोपिल अशी भावंडं असतात. लेबलवर काय, तर रूम फ्रेशनर किंवा चामडं साफ करायचं द्रावण! असल्या बाटलीला औषध म्हणायचं?

ही रसायनं रक्तवाहिन्या एकदम सैल करतात. बीपी धाडकन उतरतं, चेहरा तापतो, छाती धडधडते, एक-दोन मिनिटांत ओसरतं. एकदा हुंगून नुसतं डोकं दुखलं असेल तर घाबरू नका, थांबेल. कशासाठी घेतलं, याच्याशी मला कर्तव्य नाही. पण सोबत सिल्डेनाफिल ही ताठरतेची गोळी घेतली होती का, हे मला कळायलाच हवं. दोन्ही एकत्र आली की उतरलेलं बीपी वर येत नाही, माणूस दगावू शकतो. त्याच जातीच्या टाडालाफिलचा अंमल तर दीड दिवसही राहतो. ‘गोळी काल घेतली होती’ हा बचाव चालत नाही. छातीच्या कळांसाठी सॉर्बिट्रेट घेणाऱ्यांनीही या बाटलीच्या वाटेला जाऊ नये. परिणाम एकच, त्यात भर कशाला?

हुंगण्यापेक्षा पिणं कितीतरी घातक. पार्टीत एका पंचविशीतल्या मुलाने एनर्जी ड्रिंक समजून ती छोटी बाटली तोंडाला लावली. मित्रांनी मोबाइलवर शोधून आधी लिंबूपाणी पाजलं, मग मीठ घालून ओकायला लावलं. तासभर त्यात गेला. आला तेव्हा ओठ राखाडी-निळे होते. ऑक्सिजन लावला तरी बोटावरच्या मशीनचा आकडा ८५ च्या आसपास अडून बसला. सुईत आलेलं रक्त चॉकलेटी! हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदललं की ते ऑक्सिजन वाहूनच नेत नाही, मग बाहेरून कितीही द्या. शिरेतून मिथिलीन ब्लू दिल्यावर ओठांचा रंग परतला. एका मित्राने बाटली खिशात घालून आणली होती, म्हणून निदान मिनिटांत झालं. लिंबूपाण्याचा सल्ला देणारे तोवर ऑफलाइन गेले होते. जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तर आधी सांगा. अशांना मिथिलीन ब्लू उलट बाधू शकतं.

नियमित हुंगणाऱ्यांच्या नजरेत मधोमध पिवळट ठिपका किंवा धूसरपणा येतो, तेव्हा ते मेडिकलमधून डोळ्यांचे थेंब आणून घालत बसतात. इजा दृष्टिपटलाला झालेली असते, तिथे थेंब काय करणार? हुंगणं बंद करा आणि नेत्रतज्ज्ञाला खरं कारण सांगा; पुष्कळांची नजर सुधारते. आणि हो, हे द्रावण पेट घेतं, जवळ सिगारेट नको.

पोटात गेलं असेल, ओठ-नखं निळी पडली, धाप लागली, भोवळ आली किंवा शुद्ध हरपली, तर थेट १०८ ला फोन करा. ओकायला लावू नका. बाटली सोबत आणा आणि काय काय घेतलं ते सगळं सांगा.