जोडचित्रांचे परीक्षण : सांगणे आणि ऐकणे

दोन डोळ्यांना दिसणाऱ्या दृश्यांतील सूक्ष्म फरकातून खोलीची जाणीव होते, हे चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्ये स्टिरिओस्कोपच्या साहाय्याने दाखवून दिले. हौशी छायाचित्रकाराने घेतलेले वन्यजीवांचे जोडचित्र पाहताना आपण प्रथम डोळ्यांना ताण पडतो का, हे तपासावे. एक चित्र वर व दुसरे खाली सरकले असेल, तर तो दोष नंतरच्या जुळवणीने दूर होतो. परंतु एकाच कॅमेऱ्याने लागोपाठ दोन चित्रे घेताना चितळाने कान हलविला, तर ती जोडी जुळत नाही. तेथे दोन कॅमेरे एकाच क्षणी चालवावे लागतात. दोन भिंगांमधील अंतर सर्वांत जवळच्या वस्तूच्या अंतराचा सुमारे तिसावा भाग असावे, असा संकेत आहे : ३ मीटरवरील बगळ्यासाठी १० सेंटीमीटर. ते फार वाढल्यास प्राणी खेळण्याएवढा भासतो.

‘चित्र छान आहे’ एवढ्याने शिकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आपण दोष, कारण व उपाय ही तिन्ही सांगावीत. ऐकणाऱ्यानेही उत्तर देण्यापूर्वी चित्र पुन्हा भिंगांतून पाहावे. मात्र खोली साधण्याच्या हव्यासाने घरट्यावरील पक्षी उठविला असेल, तर ते चित्र निर्दोष असले तरी आपण नाकारावे.