कर्करोगानंतरची चढण : उतारवयातील गिर्यारोहणाचा वैद्यकीय विचार

कर्करोगाचे उपचार पूर्ण होऊन काही वर्षे लोटली, की पाठपुराव्याच्या तपासणीस येणाऱ्या रुग्णांचे प्रश्न बदलू लागतात. आजार परत तर येणार नाही ना, ही शंका मनातून जात नाहीच. परंतु तिच्या जोडीला, आता आपणांस काय काय करता येईल, ही विचारणाही होऊ लागते. साठी ओलांडलेल्या कोणास कळसूबाईला जावयाचे असते, कोणास तरुणपणी राहून गेलेला हिमालय खुणावीत असतो. घरच्यांचे म्हणणे मात्र ठरलेले : एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलात, आता ही उठाठेव कशाला? या प्रश्नाचे उत्तर केवळ वयाकडे पाहून देता येत नाही, असे आमचे मत आहे. रुग्णाने कोणते उपचार घेतले आणि त्या उपचारांनी शरीरावर कोणत्या खुणा ठेवल्या, यावर ते अवलंबून असते.

उतारवयात डोंगर चढणे ही आपल्याकडे काही परकी कल्पना नाही. कळसूबाईच्या माथ्यावर देवीचे देऊळ आहे आणि नवरात्रात तेथे जाणाऱ्यांत नऊवारी नेसलेल्या आजीबाईही असतात. परकी आहे ती कर्करोग झालेल्या माणसाने चढण्याची कल्पना, कारण अशा रुग्णास विश्रांती सांगण्याचा प्रघात वैद्यकातही दीर्घकाळ होता. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या भगिनींस त्या बाजूच्या हाताने पाण्याची बादलीसुद्धा उचलू नका, असे सांगितले जाई. काखेतील लसिकाग्रंथी काढल्यामुळे हातास सूज येते व भार उचलल्याने ती वाढते, अशी समजूत होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अशी सूज असलेल्या १४१ स्त्रिया सहभागी होत्या. त्यांपैकी निम्म्यांना देखरेखीखाली, हळूहळू वाढवीत नेलेला वजने उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. वर्षभरात सूज बळावण्याचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत १४ टक्के, तर न करणाऱ्यांत २९ टक्के आढळले.

२०२५ साली प्रसिद्ध झालेला, मुख्यत्वे कॅनडा व ऑस्ट्रेलियातील अभ्यास याच्याही पुढे गेला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व केमोथेरपी पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांपैकी एका गटास तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम, तर दुसऱ्यास केवळ आरोग्यविषयक माहिती देण्यात आली. पाच वर्षांनी पहिल्या गटातील ८०.३ टक्के, तर दुसऱ्यातील ७३.९ टक्के रुग्ण रोगमुक्त होते. स्नायू व सांध्यांच्या तक्रारी मात्र व्यायाम करणाऱ्यांत अधिक होत्या, हेही सांगावयास हवे. शिवाय हा अभ्यास नियमित व्यायामाचा आहे, शिखरे सर करण्याचा नव्हे.

शिखराचे उदाहरण द्यावयाचे तर १९९५ सालच्या मोहिमेचे देता येईल. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या लॉरा इव्हान्स यांच्या पुढाकाराने, हाच आजार झालेल्या सतरा स्त्रिया अर्जेंटिनातील ६,९६१ मीटर उंचीच्या अकोन्काग्वा पर्वतावर गेल्या. विशीपासून साठीपर्यंतच्या स्त्रिया त्यांत होत्या. सर्वच माथ्यापर्यंत पोहोचल्या नाहीत, आणि आम्हांस त्यात काहीही उणे वाटत नाही. इव्हान्स यांचे २००० साली मेंदूतील गाठीने निधन झाले. पर्वत चढल्याने आजार टळतो, असे कोणी सांगत असल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

आता उपचारांच्या खुणांकडे वळू. डॉक्सोरुबिसीन या औषधाचा हृदयावरील परिणाम कित्येकदा वर्षांनंतर दिसतो. डाव्या छातीवर किरणोपचार झालेल्यांचेही तसेच. अशांनी चढाईचा बेत करण्यापूर्वी इकोकार्डिओग्राम करून घ्यावा. ब्लिओमायसिन घेतलेल्यांच्या फुफ्फुसांची क्षमता मोजून पाहावी. लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल घेणाऱ्या स्त्रिया आणि प्रोस्टेटच्या आजारासाठी संप्रेरकरोधक उपचार घेणारे पुरुष यांची हाडे ठिसूळ होऊ शकतात. साध्या घसरण्यानेही खुब्याचे हाड मोडू शकते. आजार हाडांत पसरलेला असल्यास कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीवाचून पाठीवर ओझे घेऊच नये.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती तळपायांची बधिरता. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सालिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन या औषधांनंतर पायांखालची जमीन नीट कळेनाशी होते. रुग्ण घरात सराईतपणे वावरतो, म्हणून हे कोणाच्या ध्यानी येत नाही. चढताना एक वेळ निभावते, परंतु उतरताना खडा हलला की तोल जातो. माथा गाठल्यावर पाय थकलेले असतात आणि मांडीच्या स्नायूंवर खरा ताण उतरणीवरच पडतो. म्हणून आम्ही जिने चढण्याइतकाच जिने उतरण्याचा सराव सांगतो. एका पायावर दहा सेकंद स्थिर उभे राहता येते का, तेही पाहतो. दोन काठ्या घेऊन चालण्यात कमीपणा मानू नये. काखेची शस्त्रक्रिया झालेल्यांनी पिशवीचा पट्टा त्या खांद्यावर काचू देऊ नये. भार कमरेच्या पट्ट्यावर यावा.

तयारीस किमान तीन महिने द्यावेत. आठवड्यास १५० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालणे आणि दोन दिवस स्नायूबळाचा व्यायाम, हा पाया होय.

उंचीविषयी थोडेसे. कळसूबाई १,६४६ मीटर. तेथे विरळ हवेपेक्षा ऊन, तहान व लोखंडी शिड्यांवरील गर्दी यांचीच अधिक काळजी घ्यावी. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे व तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच असतो. विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि पुढे मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये. रक्तक्षय असल्यास त्यावर आधी उपचार व्हावेत.

घेतलेल्या औषधांची व किरणोपचारांची नोंद असलेला एक कागद खिशात असावा आणि परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच सोबत्यांशी ठरवावी. दसऱ्यानंतर डोंगरात जाण्याचा मानस असलेल्यांनी आषाढातच जुन्या फायलीसह तपासणीस यावे. घरातील एका व्यक्तीस बरोबर आणल्यास उत्तम. पुष्कळदा आमचे अधिक बोलणे त्यांच्याशीच होते.