उन्हाळा रुग्णाच्या उशाशी



अमेरिकेत ‘प्री-मेड’ ही पदवी नव्हे. कोणत्याही विषयात चार वर्षांची पदवी घेत असताना वैद्यकीय महाविद्यालयाला हवे असलेले जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र असे विषय पुरे करणाऱ्या विद्यार्थ्याला लावलेले ते विशेषण आहे. त्यामुळे तेथील प्रवेशात गुणांबरोबरच वर्गाबाहेर काय केले याचीही झडती होते, आणि मेच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतची सुट्टी हा अनेकांच्या चिंतेचा विषय होऊन बसतो. बहुसंख्य वैद्यकीय महाविद्यालये ज्या सामाईक अर्जातून, म्हणजे ‘ॲमकास’मधून, प्रवेश देतात, त्यात अनुभवांसाठी जास्तीत जास्त १५ जागा असतात, त्या भरायच्याच आहेत असे समजून पुष्कळ विद्यार्थी एक आठवडा इथे, दोन आठवडे तिथे असा उन्हाळा वाटून टाकतात. ही समजूत चुकीची आहे. प्रत्येक अनुभवाच्या वर्णनाला ७०० अक्षरांची मर्यादा आहे, परंतु सर्वांत अर्थपूर्ण म्हणून निवडलेल्या तीन अनुभवांसाठी आणखी १,३२५ अक्षरे मिळतात. तेव्हा एका कामात दीर्घकाळ राहणाऱ्याकडेच सांगण्यासारखे काही असेल, ही अपेक्षा अर्जाच्या रचनेतच आहे.

डॉक्टरच्या मागे उभे राहून नुसते पाहणे, ज्याला ‘शॅडोइंग’ म्हणतात, ते आवश्यक असले तरी थोडे दिवस पुरते, कारण पाहणाऱ्यावर कशाचीच जबाबदारी नसते. पदवीचे दुसरे वर्ष संपवलेल्या माझ्या प्री-मेड भाचीने त्याऐवजी ‘सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट’चे, म्हणजे परिचारिकेच्या देखरेखीखाली रुग्णाची रोजची सेवा करणाऱ्या साहाय्यकाचे, प्रशिक्षण घ्यावे. अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार ते किमान ७५ तासांचे असते, त्यांतले किमान १६ तास प्रत्यक्ष सरावाचे असतात, आणि काही राज्ये याहून अधिक तास मागतात. अंघोळ घालणे, भरवणे, चादर बदलणे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवणे, ही कामे हलकी समजली जातात. पण माकडहाड आणि टाच यांवर सतत दाब राहिला की तेथील रक्तपुरवठा तुटून कातडी मरू लागते आणि शय्याव्रण, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, तयार होते, हे पुस्तकात एका परिच्छेदात संपणारे ज्ञान रात्रपाळीत हातांना होते. ज्या वृद्धेला रोज वळवायचे, तिची लाज कशी सांभाळायची, हेही तिथेच उमगते, आणि डॉक्टर झाल्यावर ते शिकवायला कोणी बसत नाही.

‘एमकॅट’ ही प्रवेशपरीक्षा चार विभागांची, ४७२ ते ५२८ गुणांमध्ये मोजली जाणारी, विश्रांतीसह सुमारे साडेसात तासांची असते. ती ज्या वर्षी द्यायची, त्या उन्हाळ्यात दुसरे मोठे काम अंगावर घेऊ नये. घरी पैशांची गरज असेल तर दुकानातली नोकरीही अनुभवच आहे, आणि अर्जात तिला स्वतंत्र वर्ग आहे.

अमेरिकेतील मराठी घरांत सुट्टीत भारतात येऊन ओळखीच्या डॉक्टरांच्या शस्त्रक्रियागृहात उभे राहण्याची, क्वचित हातात सुई घेऊन टाका घालण्याचीही हौस दिसते. जे काम अमेरिकेत करण्यास विद्यार्थ्याला परवानगी नाही, ते परक्या गरीब रुग्णावर करणे हा सरळ अन्याय आहे. भाचीला यायचेच असेल तर तिने जामखेड पाहावे, जेथे रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या कामात अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. आणि तेथे शिकवायला नव्हे, ऐकायला जावे.

रोजच्या पाळीनंतर वहीत दहा ओळी लिहाव्यात, मात्र त्यांत रुग्णाचे नाव किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील असू नये. भाचीने या आठवड्यातच प्रशिक्षणाची चौकशी करावी, आणि पहिल्या पाळीनंतर पाठ भरून आली, तरी दुसऱ्या पाळीला वेळेवर हजर व्हावे.