दोन हेर आणि एक मुलगी

करमणूक हा अभ्यासाचा विषय नव्हे, असा एक समज आहे. परंतु लोक ज्या गोष्टीला पोट धरून हंसतात ती त्यांस कां आवडते, हें तपासून पाहणें हाहि अभ्यासच होय. या हेतूनें आम्हीं प्रस्तुत लेखांत शेन ब्लॅक यांनीं दिग्दर्शित केलेल्या 'द नाइस गाइज' या २०१६ सालच्या चित्रपटाचा विचार करण्याचें योजिलें आहे. त्यांत मारामारी, मद्यपान व असभ्य भाषा पुष्कळ असल्यामुळें तो प्रौढांसाठींच आहे, हें आम्ही आरंभींच पालकांच्या नजरेस आणून देतों. विद्यार्थ्यांनीं तूर्त त्याचा विचार वाचावा. तो पाहण्याची घाई करूं नये.

कथा १९७७ सालच्या लॉस अँजेलिस शहरांत घडते. हॉलंड मार्च हा खाजगी हेर. तो विधुर असून दारूच्या आहारीं गेला आहे, आणि गिऱ्हाइकाकडून अधिक पैसे मिळावे म्हणून तपास लांबवितो. जॅक्सन हीली हा पैसे घेऊन लोकांस ठोकून काढणारा आडदांड गृहस्थ. हीली मार्चचा हात मोडतो, हीच या दोघांची पहिली ओळख! पुढें अमेलिया नांवाच्या बेपत्ता तरुणीचा शोध करण्यासाठीं हेच दोघे एकत्र येतात. मार्चची भूमिका रायन गॉसलिंग यांनीं व हीलीची रसेल क्रो यांनीं केली आहे.

या चित्रपटाचें पहिलें आकर्षण म्हणजे ही विजोड जोडी. १८८७ सालीं होम्स व वॉटसन वाचकांपुढें आले, तेव्हांपासून हेरकथेंत जोडीचा पायंडा आहे. पण तेथें एक अलौकिक बुद्धीचा व दुसरा त्याचें कौतुक करणारा. येथें दोघेहि उणे आहेत. मार्चजवळ धैर्य नाहीं, हीलीजवळ संयम नाहीं. आमच्या वाचकांस चि. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ यांची आठवण व्हावी, असाच हा प्रकार आहे. साहसपटांतील नायक मुठीनें कांच फोडतो व त्यास ओरखडाहि येत नाहीं. मार्च तसें करावयास जातो आणि मनगट कापून घेऊन रुग्णवाहिकेंत पोंचतो! आपण हंसतों तें शौर्याचें खोटें सोंग उघडें पडल्यामुळें.

दुसरें आकर्षण गेलेल्या काळाचें. त्या वेळचे पोषाख, मोटारी व संगीत यांची गोडी आहेच. परंतु अधिक महत्त्वाचें तें शहरावर पसरलेलें धुरकट धुकें. १९४३ सालच्या जुलैंत या धुक्यानें लॉस अँजेलिसचे लोक हैराण झाले होते. पुढें १९५० च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञांनीं त्याचें कारण शोधिलें. मोटारींच्या धुरांतील वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तें बनतें, असें त्यांनीं दाखविलें. चित्रपटांत मोटार-कारखानदार धूर निर्मळ करणारें उपकरण दडपून ठेवतात, आणि तो कट उघडकीस येऊं नये म्हणून खून पडतात. हें कथानक कल्पित आहे. वस्तुतः १९७५ च्या नमुन्यापासून अमेरिकेंतील बहुतेक नव्या मोटारींत तसें उपकरण बसविलें जाऊं लागलें होतें. तथापि १९६९ सालीं अमेरिकन सरकारनें मोठ्या मोटार कंपन्यांवर खरोखरच खटला भरला होता. धूर कमी करणाऱ्या साधनांची प्रगति त्यांनीं संगनमतानें लांबविली, असा तो आरोप होता. त्याच सालीं तडजोड होऊन खटला मिटला. सारांश, चित्रपट हा इतिहास नव्हे. परंतु त्याच्या मुळाशीं इतिहासाचा एक धागा असूं शकतो, आणि तो शोधणें हें विद्यार्थ्याचें काम आहे.

तिसरें आकर्षण आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. तें म्हणजे मार्चची अल्पवयीन कन्या हॉली. अशा चित्रपटांत माणसें मरतात आणि प्रेक्षक हंसत राहतात. हंसतां हंसतां क्रौर्य अंगवळणीं पडतें, हाच या करमणुकीचा खरा धोका. हॉली त्या धोक्याच्या आड उभी राहते. तिच्या जिवावर उठलेला एक गुंड मोटारीखालीं सांपडून विव्हळत पडतो, तेव्हां ती त्यालाहि वांचवूं पाहते. तिची पाठ वळतांच हीली त्यास ठार करतो आणि ती गोष्ट तिच्यापासून लपवितो. शेवटीं दुसरा मारेकरी त्याच्या हातीं सांपडतो. "याला मारलेंस तर मी तुझ्याशीं पुन्हा बोलणार नाहीं," अशा अर्थाचें हॉली त्यास बजावते, आणि हीलीचा हात थांबतो. बलाढ्य कारखानदार अखेर शिक्षेवांचून सुटतात. म्हणजे जगांत न्याय पुरता झाला असें नाहीं. पण एका माणसाच्या मनांत पालट झाला, आणि तो एका मुलीच्या शब्दानें झाला. वैऱ्यावरहि दया करावी, ही प्रभूची शिकवण उपदेशाचा शब्द न काढतां येथें दृष्टीस पडते.

विद्यार्थिमित्रहो, पुढें कोणताहि चित्रपट पाहाल तेव्हां तीन प्रश्न मनाशीं विचारा. आपण कशाला हंसलों? त्यांतील काळाचें चित्र कितपत खरें? आणि शेवटीं कोणाचें मन पालटलें? पालकांसहि आमची विनंति आहे कीं, मुलें चित्रपट पाहून घरीं आलीं म्हणजे त्यांस केवळ रागें न भरतां जवळ बसवून हेच प्रश्न विचारावे. मुलांचीं उत्तरें ऐकतांना आपणांसहि हॉलीसारखा एखादा शब्द ऐकावयास मिळेल, असा आमचा विश्वास आहे.